बोट, बुफे आणि देवगडची बत्ती

"आई, क्रूझवर जाऊया का?" असं मी विचारलं तेव्हा आईनं पोळी लाटता लाटता एकच प्रश्न केला. "वाटेत देवगड लागतं का?"

आता मुंबई-गोवा क्रूझला देवगड 'लागत' नाही. म्हणजे वाटेवर असतं, पण बोट तिथे थांबत नाही, थेट मुरगावला जाते. मी तसं सांगितलं. "थांबू दे नाहीतर नको. वाटेत आहे ना?" असं म्हणून तिनं पोळी तव्यावर टाकली. आमच्या घरात याला होकार म्हणतात. बाबांनी गुडघ्यांचं कारण पुढे करून अंग काढून घेतलं, नवऱ्यानं मुलाची दोन दिवसांची जबाबदारी घेतली, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यातला शुक्रवार ते रविवार असा वीकेण्ड मी बुक करून टाकला.

देवगड म्हणजे आईचं माहेर. तिथलं घर गेल्या दिवाळीत विकलं. दोन मामा, मावशी आणि आई अशा चौघांनी सह्या केल्या. कुणी राहत नव्हतं, कौलं दर पावसाळ्याला उडत होती, सगळं खरं. पण सातबारा काढण्यापासून वकिलापर्यंत सगळ्या कागदांच्या मागे मीच लागले होते, आणि आईच्या वाट्यातला मोठा भाग माझ्या ठाण्याच्या फ्लॅटच्या लोनमध्ये गेला, हेही खरं. त्यानंतर देवगडला जायचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आईला ऐनवेळी 'काम' निघालं. ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं की ऑफर चांगली मिळाली म्हणून क्रूझ बुक केली. तुम्हीही तेच समजा.

तर मंडळी, बुकिंग. पहिला फंडा : जाहिरातीतला आकडा हा फक्त ट्रेलर असतो. त्यावर पोर्ट चार्जेस, टॅक्स आणि बऱ्याच बोटींवर माणशी, दर रात्रीची 'ग्रॅच्युइटी', म्हणजे आधीच कापून घेतलेली टीप, असं सगळं चढतं. शेवटच्या पानावरचा आकडा बघून मी उठून पाणी प्यायले. म्हणून तुलना करायची ती शेवटच्या पानाची.

दुसरं, केबिन. बहुतेक जण खिडकी की बाल्कनी एवढाच विचार करतात. खरा प्रश्न असतो, केबिन बोटीत नेमकी कुठे आहे? बोट लाटांवर सी-सॉसारखी हलते. दोन्ही टोकांना जास्त, मध्यभागी कमी. वरच्या मजल्यांवर जास्त, खालच्यांवर कमी. ज्यांना एसटीच्या घाटातही पिशवी लागते त्यांनी मधली आणि खालची केबिन मागावी, भले ती बिनखिडकीची असो. शिवाय डेकचा नकाशा नीट बघा. केबिनच्या डोक्यावर स्विमिंग पूल किंवा डिस्को आला तर रात्री दोनला डीजे आणि पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज फुकट मिळतो. 'सी व्ह्यू' म्हणून घेतलेल्या खिडकीसमोर लाइफबोट लटकलेली असू शकते, तेही त्याच नकाशात कळतं.

आणि एक टिप मला कुणीच दिली नव्हती, ती मी नकाशा आणि खडूच्या तुकड्यासारखं दिसणारं बोटीचं चित्र शेजारी ठेवून शोधून काढली. मुंबईहून गोव्याला जाताना कोकणचा किनारा बोटीच्या डाव्या बाजूला असतो. उजव्या बाजूला नुसता अरबी समुद्र. येताना उलट. बोटीवर डाव्या बाजूला पोर्ट आणि उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात. मी पोर्ट साईडची, खिडकीवाली केबिन मागितली. एजंटनं विचारलं, "मॅडम, का?" म्हटलं, "माहेर आहे."

आता सामान. आईच्या बॅगेत काय होतं ते सांगते, म्हणजे काय न्यायचं नाही ते आपोआप कळेल. छोटी इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, चहाची किटली आणि स्टीलच्या डब्यात राजगिऱ्याचे लाडू. आगीच्या भीतीनं इस्त्री-किटली बोटीवर चालत नाही आणि बाहेरचं खाणंही नाही. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर स्कॅनिंगला हे सगळं निघालं. इस्त्री, बोर्ड आणि किटली पावती देऊन बाजूला ठेवली, रविवारी परत मिळणार होती. लाडूंसाठी मात्र आईनं तिथल्या मुलीशी वाटाघाटी केल्या. "अगं, आज संकष्टी आहे." मुलीचाही उपवास निघाला. पण नियम तो नियम. दोघींनी मिळून तिथेच उभ्यानं चार लाडू संपवले, उरलेले मागच्या रांगेतल्या काकांनी.

एक लक्षात ठेवा. मोठी बॅग तुमच्याकडून टर्मिनलवरच घेतली जाते आणि केबिनमध्ये येते ती तीन-चार तासांनी. त्यामुळे गोळ्या, चार्जर, ओळखपत्र आणि एक बदलायचा कपडा हातातल्या पिशवीत हवा. आमच्या शेजारच्या केबिनमधला ग्रुप पहिली संध्याकाळ पूलच्या कडेला जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून बसला होता.

बोट सुटण्याआधी सगळ्यांना सेफ्टी ड्रिल असतं. आपल्याकडे याची फार टर उडवतात. लोक सेल्फी काढत असतात, कुणी बारमध्ये लपतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते बघायचं, एवढंच असतं. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिलिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं ड्रिल दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. त्यानंतर नियम बदलले आणि ड्रिल सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घेणं आलं.

आई मात्र पहिल्या रांगेत उभी राहून जॅकेटची प्रत्येक पट्टी ओढून बघत होती. शेजारचा मुलगा हसला तेव्हा ती त्याला म्हणाली, "रामदास माहीत आहे का तुला? बोट होती." 17 जुलै 1947, गटारीची अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आईच्या जन्माआधीची गोष्ट, पण तिच्या लहानपणी बोटीत पाऊल टाकताना प्रत्येक बाई त्या नावानं हात जोडायची. मुलानं फोन खिशात टाकला आणि मुकाट्यानं पट्टी बांधली.

सहाला बोट सुटली. या वेळी केबिनमध्ये पसरू नका, प्लीज! सुटताना उजव्या बाजूला उभे राहा, कारण गेटवे आणि ताज त्या बाजूला दिसतात, आणि समुद्राकडून मावळत्या उन्हात दिसणारी मुंबई ही आपल्या रोजच्या मुंबईची कुणीतरी श्रीमंत चुलत बहीण वाटते. आई डावीकडे उभी होती. रेवसच्या बाजूला बघत.

बोट कुणाला लागली सांगू? मला! वर्षअखेरीचा महिना, क्लायंटचा रिपोर्ट अडकलेला, म्हणून भीतीपोटी मी महागाचं वाय-फाय पॅकेज घेतलं होतं. समुद्र तसा शांत होता, पण मी केबिनमध्ये पाठमोरी बसून लॅपटॉपवर तासभर न उघडणारी एक फाईल बघत राहिले. डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, कान आतून सांगतात की हलतोय, आणि त्या भांडणात पोटाचा बळी जातो. आईनं लॅपटॉप बंद केला, हातात आवळासुपारी दिली (ही स्कॅनरमधून सुटली होती) आणि मला डेकवर नेऊन उभं केलं. "लांब बघ. जिथे पाणी संपतं तिथे बघ." पंधरा मिनिटांत बरं वाटलं.

बोट लागण्यावर यापेक्षा वेगळं शास्त्र मला डॉक्टरांनीही सांगितलं नाही. क्षितिजाकडे बघायचं, मोकळ्या हवेत राहायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंबही भरायचं नाही. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, बोटीत चढायच्या आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेक वेळा पोटात टिकतच नाही. या गोळ्यांनी झोप येते, हेही लक्षात ठेवा, नाहीतर सगळी क्रूझ घोरण्यात जायची.

आणि मोबाईल? बोट किनाऱ्यापासून लांब गेली की रेंज जाते आणि काही बोटींवर त्यांचं स्वतःचं सॅटेलाइटवालं नेटवर्क फोन पकडतो. त्याचं रोमिंग बिल बघून समुद्रात उडी माराविशी वाटेल. चढल्या चढल्या एअरप्लेन मोड. मात्र जीपीएस त्या मोडमध्येही चालतं! घरून निघताना कोकण किनाऱ्याचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून ठेवलात तर उघड्या डेकवर तुमचा निळा ठिपका समुद्रातून सरकताना दिसतो. ऑफिसमधल्या एका ट्रेकरनं मला हे सांगितलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

जेवणाबद्दल काय लिहू? बुफे बघून माणसं जी वागतात ते लग्नातही वागत नाहीत. आधी एक फेरी नुसती बघण्यासाठी मारा, ताट दुसऱ्या फेरीत उचला. पथ्य किंवा उपवास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. मी नव्हतं सांगितलं. आईला उपवासाचं हवं म्हटल्यावर स्टाफनं तिला मोठ्या आदरानं जैन काउंटरवर नेलं, जिथे बटाटाच नव्हता. शेवटी एका शेफनं आतून जिरं-मिरची घालून बटाटे परतून आणले. साडेनऊच्या आसपास डाव्या बाजूच्या धुरकट किनाऱ्यावरून लालसर चंद्र वर आला. डेकवर डीजे चालू होता आणि आई त्याच्याकडे पाठ करून, कागदी ग्लासातलं पाणी ओंजळीत घेऊन अर्घ्य देत होती. मोदक नव्हते. गुलाबजाम होता. गणपतीनं चालवून घेतलं असावं.

रात्री मी हिशेब केला. बोटीचा वेग पंधरा नॉटच्या आसपास, म्हणजे तासाला पंधरा सागरी मैल, म्हणजे साधारण 28 किलोमीटर. मुंबई ते देवगड दीडशेच्या थोडे वर मैल. सहाला निघालो, म्हणजे पहाटे चार. मी चारचा गजर लावला. साडेतीनला डोळे उघडले तर आई साडी नेसून, शाल घेऊन खुर्चीत बसलेली.

पहाटेची बोट ही वेगळीच बोट असते. वरच्या डेकवर शेवटचे चार पार्टीवाले नूडल्स खात होते, खाली मात्र चिटपाखरू नव्हतं. (समुद्र बघायचा असेल तर वरचा झगमगीत डेक सोडा. खालचा, बाजूचा अंधारा डेक गाठा. दिव्यांत उभं राहून अंधारातलं काही दिसत नाही.) एक माणूस पाइपनं डेक धुत होता. गोव्याचा, काणकोणचा. आईनं विचारलं, "देवगड खय इला?" तो कोकणीत काहीतरी म्हणाला, ती मालवणीत काहीतरी म्हणाली, आणि पाच मिनिटांत दोघं असं बोलू लागले की मला अर्धंच कळत होतं. एवढं कळलं की बोट किनाऱ्यापासून बरीच लांबून चालली आहे, हवा स्वच्छ असली तर बत्ती कधी कधी दिसते, कधी नाही.

बत्ती म्हणजे दीपगृह. देवगडच्या किल्ल्यावर आहे.

आईनं मग मला तिची बोट सांगितली. इतक्या वर्षांत नुसते तुकडे ऐकले होते. मे महिन्याच्या सुट्टीत भाऊच्या धक्क्याहून निघायचं, डेकवर चटई टाकून जागा पकडायची, ट्रंक उशाला. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, एकेक बंदर लागत जायचं. मोठी बोट काठाला येत नसे. समुद्रातच उभी राहायची आणि किनाऱ्यावरून होड्या यायच्या. माणसं, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या, सगळं हातोहात खाली-वर. "मला खलाशानं दंडाला धरून उचललं आणि खालच्या होडीत टाकलं. खाली पाणी दिसत होतं काळं. होडीत आजोबा होते, कंदील घेऊन. मी रडले नाही." पावसाळ्यात बोटी बंद. तेव्हा आगोट लागायच्या आत जायचं-यायचं, नाहीतर अडकायचं. पुढे एसटी वाढली, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बोटी थांबल्या, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि आपली पिढी देवगडला रेल्वेनं आणि गाडीनंच जात राहिली.

"घर विकलं ते बरोबरच होतं," ती मध्येच म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "पण तू सह्यांच्या दिवशी मला परत घरात जाऊ दिलं नाहीस. म्हणालीस, उशीर होतोय, ट्रॅफिक लागेल."

ते मला आठवत होतं. मी तेच म्हणाले होते. कणकवलीहून चारची गाडी होती.

"मागच्या दाराची कडी लावली होती की नाही ते बघायचं होतं," आई म्हणाली.

मी "सॉरी" म्हटलं. इंग्रजीतच म्हटलं. मराठीत आईला काय म्हणतात ते मला येत नाही.

फोनमधला निळा ठिपका देवगडच्या नावासमोर आला होता. बरोबर पश्चिमेला, बरंच आत. मी स्क्रीन तिच्यासमोर धरली. "आई, हे बघ, आत्ता आपण देवगडसमोर आहोत." तिनं माझा हात बाजूला केला. "मोबाईलात काय बघतंस? ती बघ बत्ती."

मी बघितलं. संकष्टीचा चंद्र आता डोक्यावरून मागे कलला होता, पाणी शिशासारखं दिसत होतं आणि पूर्वेला मच्छीमार बोटींचे दहा-बारा दिवे टिमटिमत होते. त्यांच्या मागे काहीतरी चमकल्यासारखं झालं. पुन्हा झालं की नाही, मी शपथेवर सांगू शकणार नाही. डेक धुणाऱ्या माणसानं पाइप खाली ठेवला, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाला, असेल. आई कठड्याला धरून उभी होती. ठिपका देवगडच्या खाली सरकेपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो.

गोवा थोडक्यात सांगते, कारण क्रूझवाल्यांचा गोवा थोडक्यातच असतो. बोट मुरगाव बंदरात लागते, वास्कोजवळ. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, कळंगुट-बागा त्याहून बरंच पुढे. साडेनऊला उतरलो आणि दुपारी चारपर्यंत परत हवे होतो. त्या वेळात बागा गाठायचा हट्ट करू नका. बोट थांबत नाही! कंपनीच्या टूरवर असाल तर सहसा थांबते, पण स्वतःच्या टॅक्सीनं गेलात तर तुम्ही आणि तुमचं नशीब. आमच्या बोटीचा एक जोडपं-ग्रुप गँगवे काढता काढता धावत आला, हातात काजूच्या पिशव्या. बोगमाळोचा किनारा जवळ आहे, तो करा. आम्ही तिथे तासभर पाण्यात पाय बुडवून बसलो आणि वास्कोत येऊन एका साध्या खानावळीत मासे जेवलो. आई शनिवारी मासे खात नाही. मी आठवण केल्यावर म्हणाली, "बोटीवर वार नसतो." आम्ही तेव्हा जमिनीवर होतो, पण मी वाद घातला नाही.

परतीच्या रात्री किनारा उजव्या बाजूला होता. मी विचारलं, पुन्हा गजर लावू का? "नको, झोप," म्हणाली, आणि जादूचा शो बघायला वर गेली. वाय-फायचं पॅकेज मी शेवटपर्यंत उघडलं नाही. रिपोर्ट सोमवारी सकाळी अकराला पाठवला. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

रविवारी सकाळी मुंबई. उतरताना घाई करू नका. बॅगा आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्यात चुकून सगळे कपडे भरू नका, नाहीतर नाइट ड्रेसवर टॅक्सी करावी लागते. बिल आदल्या रात्रीच तपासा. आमच्या बिलात न प्यायलेली दोन मॉकटेल होती, ती काउंटरवर दोन मिनिटांत निघाली. सकाळी त्याच काउंटरला चाळीस माणसांची रांग होती. आणि हो, इस्त्री-किटलीची पावती जपा. आईनं ती पदराला बांधून ठेवली होती.

आणखी एक. घरी आल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते. घाबरू नका, जातं ते. सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर आई ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि बाबांना सांगत होती, "अजून हलतंय हो." मग माझ्याकडे वळली. "देवगडला जायचं तर गाडी किती वाजता असते गं? त्या लोकांना विचारून मागच्या दाराची कडी बघून येऊ."

कोकणकन्याची दोन तिकिटं काढली आहेत. वेटिंग आहे, नऊ आणि दहा.